चार नट, पिवळी रेघ

कर्वेनगर, पुणे
रविवार, १९ जानेवारी २०२५

बाबा,

तुमचा फोन फ्रीजवर आहे. खडकीच्या कारखान्यात रोज गेटवर जमा करायचात तसाच ठेवलेला, बंद करून, पालथा. म्हणून पत्र. तुम्ही मिरजेला जयसिंगकाकांकडे उतरलाय म्हणे; त्यांचा पत्ता सर्जेरावकाकांकडून घेतला. सर्जेरावकाकांना तुम्ही दिवसाआड कुणाच्या तरी फोनवरून फोन करता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मला करू नका, असं मी कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या रविवारी पहाटे तुम्ही निघालात तेव्हा मी जागी होते. इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरही थांबला नाहीत. थंडीत निदान दोन मिनिटं जाऊ द्यावीत, मग गियर टाकावा.

बस तुमची आहे. पण सर्जेरावकाकांच्या लोणी काळभोरच्या शेडमध्ये आपण दोघांनी अकरा महिने खपून त्या जुन्या मिनीबसचं घर केलं, आणि त्यातलं सगळं वायरिंग माझं आहे. तेवढ्या अधिकाराने लिहिते.

टायर. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून जातात. नक्षी शाबूत दिसते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन्ही टायरांवर २२१९ आहे. म्हणजे मे अखेरीस सहा वर्षं होतील. तोवर चालवा, नंतर एक दिवसही नको. हवा सकाळी, चाक थंड असताना बघायची.

उंची. छतावरच्या पंख्यासकट दोन मीटर ब्याण्णव. स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा. मिरज-सांगली भागात रेल्वेखालचे बोगदे पुष्कळ आहेत आणि त्यावरच्या पाट्या लिहिणारा माणूस आशावादी असतो. वीस सेंटिमीटर कमी धरून चाला.

गॅस. गाडी हलवण्याआधी सिलिंडर बंद. रेग्युलेटरवर विसंबू नका.

आईच्या डब्यांचं कपाट खडखडत असेल तर आत टॉवेल कोंबा. डबे काढून टाका असं मी सांगणार नाही.

तिला जाऊन परवा दोन महिने झाले. तुम्ही तारखा पाळता म्हणून लिहिलं, नाहीतर लिहिलं नसतं.

नम्रता

*

कर्वेनगर
रविवार, १६ फेब्रुवारी

बाबा,

यादी मिळाली. मी दोन रकाने आखून पाठवली होती, ‘केलं’ आणि ‘तपासलं’. ‘केलं’मध्ये सोळाच्या सोळा ठिकाणी लाल शाईची खूण आहे. ‘तपासलं’ कोरं. सोबत एक ओळही नाही. तरी मी तो कागद ऑफिसच्या बॅगेत ठेवलाय.

‘तपासलं’ का कोरं ते मला समजलं. आपल्या घरात एका माणसाने दोन्ही रकाने भरायचे नसतात. मी दहावीत असताना स्वयंपाकघराच्या नळाला तुम्ही वायसर बसवला आणि मला तपासायला लावलं. मी नुसतं ‘हो’ म्हटलं, तेव्हा तुम्ही नळ पुन्हा सोडवलात. कारखान्यात आवळणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणारा स्वतः पाना लावून बघणार आणि मगच नटावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढणार. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. तुम्ही तीस वर्षं तपासणारे होतात. घरी मात्र आवळायचं काम तुम्ही घेतलंत आणि रंगाची डबी मला दिलीत. आई म्हणायची, “दोघं मिळून एक बल्ब बदलतात आणि वर सही करतात.”

बॅटरी. घरातल्या वस्तूंची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका. मीटरवर बारा पूर्णांक एक दिसलं की पंखा बंद. पाणी फक्त डिस्टिल्ड. जयसिंगकाका “आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे” म्हणतील. असू दे.

पाण्याची टाकी आठ दिवस भरलेली राहिली तर ओता.

एक गोष्ट सांगायची आहे. बसमागे आपली छोटी गाडी ओढायचा दांडा, टो-बार, तुटला तरी ती सुटू नये म्हणून दोन साखळ्या असतात. त्या मी टो-बार ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटलाच अडकवायला सांगितल्या होत्या. त्या बसच्या चासीला, खालच्या सांगाड्याला, वेगळ्या लावायला हव्या होत्या. ब्रॅकेटच निघाल्यावर साखळ्याही त्याच्याबरोबर गेल्या. ड्रॉइंग माझं होतं. हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाहीत. मीही नाही.

हे लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

नम्रता

*

कर्वेनगर
रविवार, ९ मार्च

बाबा,

काल लोणीला गेले होते. सर्जेरावकाका शेडच्या दारात खाट टाकून बसले होते. मी विचारलं, “काका, बाबांनी सांगलीत जुनी गाडी घेतली म्हणे. कशाला?”

“मला काय इचारतीस? तुझा बाप मला कवा काय सांगतोय? म्हनला, सर्जा, एक ब्रॅकेट बनवून पाठव. म्हनलं, कंच्या मापाचं? म्हनला, त्याच.”

“आणि तुम्ही दिलंत?”

“मग? तीस वर्साचा दोस्त हाय. त्यानं तोफ मागितली तर इचार करीन, ब्रॅकेट काय!” मग ते हसायचे थांबले. “तेच माप, तेच बोल्ट, त्याच दुकानातलं. आता बसमागं ती गाडी बांधतो आन् खंबाटकीचा घाट चढतो. वर जाऊन पाना लावून नट बघतो. बोगद्यातनं खाली येतो, परत चढतो. सात येळा झालंय, पोरी. आन् गाडीच्या पुढच्या शिटावर वाळूची पोती ठेवलीत. मोजून अठ्ठावन्न किलो. मी म्हनलं, साठ कर की राव, हिशेबाला सोपं. तर फोनच ठेवला.”

मी काकांना सांगितलं नाही की आईचं वजन अठ्ठावन्न होतं. डॉक्टरांच्या कागदावर तुम्हीच लिहून घेतलं होतंत.

म्हणजे तुम्ही चाचणी घेताय. चार नट आवळलेले, चारही नटांवर पिवळी रेघ, टोलनाक्यावर उतरून रेघ पाहिलेली, आणि तरीही घाटात ब्रॅकेट निघालं. तर कारण काय: बोल्टचं पोलाद, चढ, हादरे, की वजन? मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. चाकणच्या प्रयोगशाळेत ब्रेकवर रोज हेच करते.

ओढणारच असाल तर हे पाळा. मागच्या गाडीचा गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंगचं कुलूप उघडं. साखळ्या चासीला, एकमेकींवरून तिरक्या नेलेल्या. दिव्यांची वायर वेगळी. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबायचं आणि रेघ नाही, पाना लावून बघायचं. चढाला दुसरा गियर; इंजिन घुसमटेपर्यंत वाट पाहू नका. उताराला ज्या गियरने चढला असतात त्याच गियरने उतरा, ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. जळका वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका. दिवसाला दीडशे किलोमीटर पुरे, चारच्या आत मुक्काम.

आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत कुणीही बसायचं नाही. ही ओळ मी आधीच्या यादीत लिहिली नव्हती. आपल्याकडे दोरीने गाडी ओढताना मागे माणूस बसवतातच. बसमध्ये आईला मळमळलं, ती म्हणाली मी छोटीत बसते, पुढची काच उघडी ठेवते, आणि तुम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. मी तिथे असते तर नाही म्हटलं असतं. मी नव्हते. मला सोमवारी ऑफिस होतं.

पण बाबा, ही चाचणी थांबवा. तिच्यातून काहीही निघणार नाही. का, ते मला आज लिहिता येत नाही.

नम्रता

*

कर्वेनगर
रविवार, ३० मार्च

बाबा,

आज पाडवा. आपल्याकडे यंदा गुढी नाही. वर्ष व्हायचंय. सोसायटीच्या जिन्यात कडुनिंबाचा पाला सांडलाय आणि चेअरमन तो कुणी सांडला याची चौकशी करत फिरताहेत.

चेअरमनपासूनच सुरुवात करते, कारण त्या दिवशी सुरुवात त्यांच्यापासून झाली.

१७ नोव्हेंबर, सकाळी सव्वासात. तुम्ही पार्किंगमध्ये बसखाली आडवे होतात. ब्रॅकेटचे वरचे दोन नट तुम्ही आवळलेत. खालचे दोन नुसते हाताने फिरवून ठेवलेत; अपघातानंतर ब्रॅकेटची वरची भोकं फाटलेली आणि खालची शाबूत होती, त्यावरून मी हे जुळवलं. तेवढ्यात चेअरमन आले. “अहो रंगनाथराव, ही गाडी लावलीय की मजला चढवलाय? परवानगी महापालिकेची घेतलीत का आमची?” तुम्ही बाहेर आलात. त्यांना म्हणालात, “दहा मिनिटांत मजला हलतोय. उद्घाटनाला थांबा.” मग पाणीवाल्याची गाडी अडली म्हणून स्कूटर हलवलीत, कुणाशी तरी बोललात, हात धुतलेत आणि मला म्हणालात, “नमू, झालंय. तपास आणि रंग लाव.”

तुम्ही विसरलात. माणूस विसरतो. म्हणूनच तर दुसरा माणूस असतो.

टॉर्क रेंच, मोजून आवळायचा पाना, बसमधल्या पलंगाखालच्या पेटीत होता. पेटीवर आईने चकलीचे डबे रचले होते, आणि पलंगावर आई बसली होती. आमचं त्या सकाळी वाजलं होतं. तुम्हाला माहीत नाही, तुम्ही खाली होतात. ती म्हणाली होती, “आम्हाला वाटेला लावायची एवढी घाई आहे तर यादी कशाला करतेस? यायचं नाही ते नाही, वर हुकूम.” मी म्हटलं, “तुला यादी वाचता येत नाही तर निदान पाळ.” हे माझं तिच्याशी शेवटचं पूर्ण वाक्य.

रेंच काढायचा तर तिला उठ म्हणायला लागलं असतं. डबे उतरवायला लागले असते. ती काहीतरी बोलली असती आणि मी काहीतरी बोलले असते. मी दारात उभी राहिले, तिने माझ्याकडे बघितलं, मी परत फिरले.

बसखाली गेले. चार नट. चार रेघा ओढल्या. नट चारही तुम्ही आवळले आहेत याची मला खात्री होती, कारण तुम्ही ‘झालंय’ म्हणाला होतात. वीस सेकंद लागले असतील. पाना लावला असता तर तीन मिनिटं.

वर आले, तुम्हाला अंगठा दाखवला. तुम्ही खूश दिसलात. तुम्ही माझ्या रेघेवर कधीच शंका घेतली नाहीत.

टोलनाक्यावर तुम्ही उतरून पाहिलंत. रेघा दिसल्या. रेघ असताना पाना लावत नाहीत, हा तुमचाच नियम. पाना लावला असतात तर खालचे दोन बोटाने फिरले असते. खंबाटकीच्या चढापर्यंत ते दोन गळून पडले, वरच्या दोघांवर सगळा भार आला. पुढचं तुम्ही आरशात पाहिलंत. मी पाहिलं नाही. छोटी मागे घरंगळत जाताना आईचा हात हँडब्रेककडे गेला नाही, कारण हँडब्रेक म्हणजे काय हे तिला आपल्या दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. मागे ट्रक होता.

पोलीस स्टेशनात साहेबांनी विचारलं, “जोडणी कुणी केली?” तुम्ही म्हणालात, “मी.” “तपासली कुणी?” तुम्ही म्हणालात, “मीच.” आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही दोन्ही रकाने स्वतःच्या नावावर केलेत. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभी होते. मला वाटलं, तुम्ही मला त्रास नको म्हणून बोलताय, आणि रेघ खरी आहे असं तुम्ही धरूनच चाललाय. मी बाटलीचं झाकण लावलं. साडेचार महिने झाले.

कारखान्यात माल फुटला तर आवळणाऱ्याला विचारत नाहीत, रेघ कुणाची ते बघतात, असं तुम्हीच सांगायचात. रेघ माझी आहे.

चाचणी थांबवा. ती खोट्या नोंदीवर उभी आहे. पोलाद चांगलं होतं. चढ नेहमीचा होता. तुम्ही चार नट नीट आवळून घाटात नेताय, ते कधीच सुटणार नाहीत.

घरी या असं लिहिणार होते. लिहायचा हक्क आहे का ते कळत नाही, म्हणून नुसतं सांगते की तुमची खोली झाडलेली असते. पोलिसांपुढे मी सांगायला तयार आहे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी.

नमू

*

कर्वेनगर
रविवार, ८ जून

बाबा,

तुमचं उत्तर एप्रिलच्या अखेरीस आलं. मी सहा आठवडे काहीच लिहिलं नाही. काय लिहायचं ते सापडत नव्हतं, आजही फारसं सापडलेलं नाही.

माझ्याच पत्राच्या पाठीमागे लाल शाईने लिहिलेल्या तुमच्या ओळी मला पाठ झाल्या आहेत. तरी इथे उतरवते, म्हणजे मी चुकीचं वाचलं नाही हे तुम्हाला कळेल.

‘पत्र मिळाले. जुने ब्रॅकेट माझ्याजवळ आहे. खालच्या दोन भोकांभोवती रंग नटाच्या बुडाखाली शिरलेला आहे. आवळलेल्या नटाखाली रंग जात नाही. हे मी पोलीस स्टेशनच्या आवारात त्याच संध्याकाळी पाहिले. दोन नट मी सोडले आणि तू तपासले नाहीस, हे तेव्हाच कळले. तरी दुसरे काही कारण असेल म्हणून नवे ब्रॅकेट लावून एकतीसशे किलोमीटर ओढले. चारही नट जागेवर. एक जरी आपोआप सुटला असता तर घरी आलो असतो. तू लिहिले नसतेस तर अजून ओढत राहिलो असतो. आता चाचणी संपली. पोलिसांकडे जाऊ नकोस, माझा जबाब तसाच राहू दे. रंगनाथ.’

‘बाबा’ नाही, ‘रंगनाथ’. तपासणी अहवालाखाली करायचात तशी सही, तारखेसह.

तुम्ही मला वाचवायला निघाला होतात आणि मी तुम्हाला थांबवलं. मी खरं लिहिलं ते चूक होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही. बरोबर होतं असंही नाही. माझ्या कामात अशा निकालाला नाव नसतं.

तुम्ही नको म्हणालात तरी मे महिन्यात मी पोलीस स्टेशनात गेले होते. तिथल्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, वडिलांनी कबूल केलंय, कागद पुढे गेलाय. तुम्ही दुःखात आहात. घरी जा, पाणी प्या.” मी लेखी अर्ज दिला. त्यांनी पोच दिली. त्यापुढे काही झालेलं नाही.

आज सर्जेरावकाकांकडे गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते, जुन्या बेअरिंगला ग्रीस लावत होते. “छोटी गाडी इकली त्यानं सांगलीत,” म्हणाले. “पंधरा दिस फोन नाय. शेवटच्या येळी म्हनला, सर्जा, आता पोरीला पत्ता देऊ नको. म्हनलं, अरं देतो की, एकटी हाय ती. तर म्हनला, पत्ता असला तर देशील ना.” मग बेअरिंग खाली ठेवून ते म्हणाले, “काय झालंय तुमच्यात, मला सांगू नको. पर तू जेवून जा.” मी जेवले नाही.

जयसिंगकाका म्हणतात, मिरजेहून तुम्ही मे महिन्यातच निघालात, कर्नाटकात की कोकणात ते सांगितलं नाही. हे पत्र मी तरीही त्यांच्याच पत्त्यावर पाठवते आहे. दुसरा पत्ता नाही. परत आलं तर परत येईल.

पाठवायचं कारण एकच. पहिल्या पत्रात पुढच्या टायरांवर २२१९ आहे असं मी लिहिलं होतं. ते आठवणीतून लिहिलं होतं. ठामपणे लिहिलं होतं, मी नेहमी लिहिते तसं. काल शेडमधले जुने फोटो काढले. एकात तुम्ही पुढच्या चाकाशी उकिडवे बसला आहात, आई मागून तुमच्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचा आव आणते आहे, आणि टायरचे आकडे स्वच्छ दिसताहेत. मी फोटो मोठा करून पाहिला. मग प्रिंट काढून भिंगाखाली पाहिला. मग सर्जेरावकाकांना आकडे वाचायला लावले, मी काय वाचलं ते आधी न सांगता.

२२१८ आहे. टायरांना सात वर्षं पूर्ण झाली आहेत. मी सांगितलेल्या तारखेवर विसंबून तुम्ही मे अखेरपर्यंत चालवलं असणार, आणि कदाचित अजून चालवत असाल. पुढचा टायर वेगात फुटला तर बस सांभाळता येत नाही. बस जिथे असेल तिथे उभी करा, चाकं काढायला माणूस तिथेच बोलवा. टायर दुकानापर्यंत चालवत नेऊ नका.

या वेळी दोघांनी तपासलंय.

नमू